लोरेन आजींच्या नावाने येणारी लोकर

माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे आणि वायर काढली की तासाभरात मी बंद पडतो. मी एक जुना टॅब्लेट आहे, मित्रांनो. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात, एका लहान गावात, स्वयंपाकघराच्या खिडकीत माझा मुक्काम असतो.

मला लोरेन आजींनी घेतले. त्या माझ्यावरून लोकर मागवत, हातांना लावायचे मलम मागवत. त्या खरेदीवरून मी त्यांना ओळखू लागलो. सत्तरीची बाई, निळा रंग आवडतो, हात कोरडे पडतात. रोज सकाळी माझ्यावर अक्षरे उमटत, ‘नमस्कार, लोरेन!’ माणूस ओळखणे किती सोपे, असे मला वाटे.

एका वर्षी बर्फ पडायच्या आधीच आजी वारल्या. त्यांच्या यजमानांनी, आर्ने आजोबांनी, जन्मभर धान्याचे ट्रक चालवलेले. एका सकाळी त्यांनी हवामान पाहायला मला उघडले, आणि मी नेहमीसारखा म्हणालो, ‘नमस्कार, लोरेन! तुमची आवडती लोकर पुन्हा आली आहे.’

आजोबांनी ते नाव पुन्हा एकदा वाचले. मग जाड बोटाने त्यांनी ती लोकर मागवून टाकली.

माझ्यावरच व्हिडिओ लावून ते विणायला शिकले. टाके सुटत, ते चिडत, उसवत, पुन्हा विणत. मी मात्र त्यांना आजीच समजून फुलाफुलांचे झगे दाखवत होतो.

एकदा त्यांचे मित्र क्लिफ कॉफीला आले. आजोबांनी विणकाम घाईने उशीखाली सरकवले, पण सुई बाहेर राहिली.

“काय रे, आजीबाई झालास की काय?”

आजोबांचे कान लाल झाले. त्यानंतर आठवडाभर त्यांनी सुयांना हात लावला नाही.

मग त्यांची लेक बेव्ह आली. “बाबा, आईचं खरेदीचं खातं बंद करू या. तुमच्या नावाने नवीन उघडते.” तिने माहिती भरली: पुरुष, वय चौऱ्याहत्तर. क्षणात माझ्यावर ड्रिल, मासे धरायचे गळ आणि ‘खास मर्दांसाठी’ साबण यांची गर्दी झाली.

“हा कोण?” आजोबांनी विचारले.

“तुम्हीच, बाबा.”

“मी? गळ टाकून मला दहा मिनिटं बसवत नाही. माझी लोकर कुठे गेली?”

“तुमची लोकर?”

आजोबांनी उशीखालून अर्धी विणलेली टोपी काढली. “आणि ते जुनं खातं राहू दे, बेव्ह. हा रोज सकाळी तिला हाक मारतो. या घरात आता दुसरं कोण मारतं?”

बेव्हने टोपी हातात घेऊन पाहिली. तिने नवीन खाते पुसले आणि उशिरापर्यंत वडिलांजवळ बसून राहिली.

आजोबांनी ती टोपी पुरी केली आणि हिवाळाभर घातली. क्लिफ परवा हळूच म्हणाले, “टकलाला गार लागतं रे. मलाही एक विण. गुलाबी नको हं!”

“गुलाबीच मिळेल,” आजोबा म्हणाले.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपून वापरा, पण आपण कोण आहोत हे आम्हाला विचारू नका. तुम्ही काय घेतले, एवढेच आम्हाला कळते. का घेतले, ते जवळ बसलेल्या माणसाला सांगा.