टीव्हीच्या कुलपातलं नाव

मी एक पासवर्ड बोलतोय. खरं तर तोंड मिटून राहणं हाच माझा धर्म. पण आज दुपारपासून मी कुणाच्याच कामाचा उरलो नाही, तेव्हा मनातलं सांगून टाकतो.

शहागडच्या पुष्पाबाईंच्या घरी माझा जन्म झाला. त्यांची लेक आकांक्षा पुण्याहून आली आणि तिनं आईबापासाठी टीव्हीवर इंटरनेटचे सिनेमे, मालिका सुरू करून दिल्या. पासवर्ड काय ठेवायचा, असं तिनं विचारलं. पुष्पाबाई लाजल्या आणि त्यांनी हळूच नवऱ्याकडं बोट दाखवलं. झालं, 'रामकिसन' हे नाव इंग्रजी अक्षरांत बसवलं. मागंपुढं आकडा नाही, की चिन्ह नाही. पासवर्ड म्हणून मी अगदीच कच्चा, पण लाडाच्या लेकराला कोण बोल लावणार?

वीज जाऊन आली, की टीव्हीचा जुना डबा सगळं विसरायचा आणि पुन्हा मला मागायचा. पुष्पाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण रिमोटचं कोणतं बटण कितीदा दाबायचं ते बोटांना पाठ झालं होतं. रामकिसन खाटेवरून चिडवायचे, "तोंडानं माझं नाव घेत न्हाईस, अन् बोटानं बराबर घेतीस की."

एकदा फोन आला. कुणी गोडबोल्या, आपण कंपनीचा माणूस आहोत असं सांगून, पासवर्ड विचारत होता. पुष्पाबाई म्हणाल्या, "आमच्यात मालकाचं नाव घेत न्हाईत, भाऊ," आणि फोन ठेवला. आपण अर्धं गुपित सांगून बसलो, हे बिचारीच्या ध्यानातही आलं नाही. चोर मात्र हात हलवत परत गेला.

पण शेजारच्या शालूच्या बाळाचं बारसं आलं. नाव घ्या, नाव घ्या, म्हणून बायांनी पुष्पाबाईंना धरलं. उखाण्यात नाव घ्यायला कुणाची मनाई नसते.

"शहागडच्या पुलाखाली गोदामाईचं पाणी, रामकिसनरावांचं नाव टाकलं, की टीव्ही म्हणतो गाणी."

हशा पिकला आणि मी गावभर झालो. शालूनं मला माहेरी नेलं, तिच्या भावानं मित्राला दिलं, मित्रानं आणखी कुणाला.

त्याच वर्षी थंडीत रामकिसन गेले. त्यानंतर पुष्पाबाईंना कुणी नाव घ्यायला सांगितलं नाही. नवरा गेलेल्या बाईला उखाणा कोण विचारतं? त्यांच्याजवळ मीच तेवढा उरलो. वीज गेली, की सगळी गल्ली कुरकुरायची. या मात्र रिमोट हातात घेऊन वीज यायची वाट बघत बसायच्या. मला फार भरून यायचं.

मग अनोळखी माणसं माझ्या जोरावर आत शिरू लागली. फार जण बघत आहेत, असं म्हणत टीव्ही पुष्पाबाईंनाच दाराबाहेर ठेवू लागला. परवा कुणी तरी खात्यावरचा आकांक्षाचा फोन नंबर काढून आपला घालायला बघितला. तशी ती आज घरी आली.

"आई, हा पासवर्ड बदलावाच लागंल. साऱ्या दुनियेला ठाऊक झालाय."

"बाकी सगळं बदल, माय. तेवढं ऱ्हाऊ दे. तेंचं नाव मी आता कुठं घेऊ?"

आकांक्षा आईजवळ सरकून बसली. "तोंडानं घे ना. आता कोण हाय तुला बोलणारं?"

पुष्पाबाईंनी मला शेवटचं टाकलं. मग दाराकडं एकदा बघितलं आणि पुटपुटल्या, "रामकिसन." उखाणा नाही, राव नाही. पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्यानं, शेतातल्या माणसाला जेवायला बोलवावं तसं. आकांक्षानं जन्मात पहिल्यांदा आईच्या तोंडून बापाचं नुसतं नाव ऐकलं. दोघी मायलेकी रडल्या, आणि रडता रडता हसल्या.

नवा पासवर्ड मला ठाऊक नाही. तो लांबलचक आहे आणि कुणाचंच नाव नाही, असं आकांक्षा म्हणत होती. लेकरा, तू तरी गप्प राहा.

आणि तुम्हाला एवढंच मागणं आहे. आपल्या माणसाचं नाव कुलपाला देऊ नका. ते हाक मारायला ठेवा.