चौसष्ट केबीतला बैल

सोहारला येऊन चार महिने झाले, तोवर उत्तरा सबनीसने घरातले सगळे पडदे दोनदा धुऊन वाळवले होते. पुण्यात ती एका लहानशा कंपनीत मोबाइलचे गेम लिहायची. लग्नानंतर ओमानला आली ती फॅमिली व्हिसावर, आणि त्या व्हिसावर नोकरी करता येत नसे. नवरा मधू बंदराजवळच्या पोलादाच्या कारखान्यात मेंटेनन्सला होता. पहाटे बसने जायचा, संध्याकाळी यायचा आणि बूट काढता काढता विचारायचा, "आज काय केलंस?" चौथ्या महिन्यात उत्तरा या प्रश्नावर नुसती त्याच्याकडे बघत राहू लागली, तेव्हा त्याने विचारणं सोडून दिलं.

हे दोन हजार सहा सालचं. जावा चालणारे फोन तेव्हा नवे होते. बोटाएवढ्या पडद्यावर गाड्या पळायच्या, फुटबॉल चालायचा, आणि लोक ते गेम दुकानातून भरून घ्यायचे. सोहारजवळच्या सहम गावात खमीसचं असं दुकान होतं. खमीस पन्नाशीचा, डोक्यावर रंगीत मस्सर गुंडाळलेला, बोलण्यात ऐसपैस. गिऱ्हाइकं सगळी हिंदी बोलणारी, त्यामुळे त्याचं हिंदीही झकास होतं. मधू तिथे फोन घ्यायला गेला, तर खमीस तक्रारीच्या सुरात म्हणाला, "सब का गेम है. हमारा गेम किधर है?"

"मेरी बीवी बना देगी," मधू म्हणाला.

परस्पर होकार देऊन मोकळं व्हायची मधूला जुनी खोड होती. घरी येऊन त्याने सांगितलं, की खमीसला बैलांच्या टकरीचा गेम हवा आहे. बातिनाच्या किनाऱ्यावर शुक्रवारी बैलांच्या टकरी होतात, खमीसचा स्वतःचा बर्क नावाचा बैल आहे आणि तो गेममध्ये असलाच पाहिजे.

"मी बैल जवळून पाहिलेलासुद्धा नाही," उत्तरा म्हणाली.

"गाड्यांचा गेम केलास तेव्हा तुला गाडी तरी कुठे येत होती?"

उत्तराने वही पुढे ओढली. दुपारी मोकळ्याच होत्या, आणि पडदे तिसऱ्यांदा धुण्याइतके मळलेले नव्हते.

त्या फोनमध्ये एका गेमला चौसष्ट केबी जागा मिळायची. आता एवढ्यात एक बरा फोटोही मावत नाही. त्यातच चित्रं, आवाज, हिशेब सगळं कोंबायचं. उत्तराने आठवडाभर खपून काळा बैल काढला, कपाळावर पांढरा ठिपका दिला आणि मधूबरोबर सहमला गेली. खमीसने फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग वळवून पाहिला.

"मॅडम, ये बकरी है."

"बैलच आहे. जागा कमी आहे म्हणून लहान दिसतोय."

"लहान बैल वासरासारखा दिसतो. ही बकरी आहे." तो हे इतक्या मायेने म्हणाला, की तिला रागावताही येईना. "या शुक्रवारी तुम्ही या. स्वतः बघा."

शुक्रवारी चारच्या सुमाराला मोकळ्या मैदानाभोवती गाड्यांचं कडं पडलं होतं. मधू पुरुषांत जाऊन बसला. उत्तराला खमीसच्या गाडीत त्याची बायको रहिमा आणि दहावीतली मुलगी सना यांच्याशेजारी जागा मिळाली. रहिमाचं माहेर शिनासचं, आणि तिच्या भावाचा सैफ नावाचा बैलही त्या दिवशी उतरणार होता. तिचं हिंदी सिनेमे पाहून शिकलेलं, त्यामुळे साध्या वाक्यालाही थोडं वजन यायचं.

उत्तरा वही उघडून बसली. बैल समोरासमोर येत, शिंगात शिंग अडकवून रेटत, आणि ज्याचा पाय मागे सरला तो हरला. रक्तबिक्त काही नाही. पायाला बांधलेले दोर ओढून माणसं त्यांना लगेच वेगळं करत. काही जोड्या दहा सेकंदांत आटपत. सैफने मुळी घाईच केली नाही. डोकं लावून उभा राहिला, दुसरा दमला तेव्हा दोन पावलं टाकली, आणि खलास.

मग बर्क आला. खजूर, सुकी मासळी आणि तूप खाऊन तुकतुकीत झालेला, गळ्यात लाल पट्टा. समोरच्या बैलाकडे त्याने नीट पाहून घेतलं, जमीन हुंगली, आणि वळून चालू लागला. दोर धरलेली दोन माणसं त्याच्यामागून घसरत गेली. मैदानातले लोक सभ्यपणे इकडेतिकडे पाहू लागले.

"खाता है, सजता है, वापस आता है," रहिमा म्हणाली. ती बैलाबद्दल बोलत होती की मालकाबद्दल, हे उत्तराला विचारवलं नाही. सना खिडकीकडे तोंड करून हसत होती.

त्यानंतर उत्तराने गेम नव्याने लिहिला. बर्क आणि सैफ धरून चार बैल, आपला निवडायचा, बाकीचे फोन चालवणार. पाच नंबरचं बटण दाबलं की बैल रेटतो, पण प्रत्येक रेट्याला जोम कमी होतो आणि थांबलं की सावकाश भरतो. जोम संपला की माघार. म्हणजे दाबण्याइतकंच थांबणंही आलं पाहिजे. पडद्यावरची अरबी अक्षरं सनाने लिहून दिली.

खमीसची एकच अट उरली होती: बर्कने कायम जिंकायचं.

"मग लोक एकदाच खेळतील आणि ठेवून देतील," उत्तराने समजावलं. "मी त्याला सगळ्यात जास्त ताकद देते. दहात नऊ."

"साडेनऊ."

"अर्धा ठेवायला जागा नाही."

खमीसने सुस्कारा टाकून नऊ मान्य केले. गेम दुकानात भरला गेला आणि पोरांनी ब्लूटूथवरून तो खाबूरापासून शिनासपर्यंत पोचवला. मधू सांगत आला, की कारखान्याच्या बसमध्ये दोघेजण बैल रेटत बसले होते आणि फाटकापाशी उतरायचेच विसरले. उत्तराने त्याला ते तीनदा सांगायला लावलं.

महिन्याभराने एका संध्याकाळी खमीस बायको-मुलीला घेऊन घरी आला. बरोबर मस्कती हलव्याचा डबा. पाऊण तास त्याने तब्येत, आईवडील, पुण्याची हवा यांची चौकशी केली. बर्कची बदनामी झाली की काय, या काळजीने उत्तराचा चहा निवून गेला. अखेर खमीस मूळ मुद्द्यावर आला.

"मॅडम, गेम खराब है. रहिमा सैफ घेऊन खेळते. लागोपाठ बहात्तर वेळा जिंकली. मी बर्क घेऊन अकरा वेळा, आणि त्याला महिना लागला."

रहिमा हलव्याचे तुकडे बशीत मांडत होती. तिचं लक्ष फक्त बशीत होतं.

"बघते," उत्तरा म्हणाली, आणि बायकामंडळींना आत घेऊन गेली. दार लोटल्यावर तिने रहिमाला खेळून दाखवायला सांगितलं. रहिमाने सैफ निवडला, भराभरा रेटलं, आणि जोम संपत आला तशी मान न वळवता म्हणाली, "सना."

सनाने आपल्या फोनवरून आईला एक मिस कॉल दिला. फोन वाजला, गेम थांबला. रिंग बंद झाल्यावर गेम पुन्हा सुरू झाला तेव्हा सैफचा जोम काठोकाठ भरलेला होता. दोन रेट्यांत समोरचा बैल पळाला.

उत्तराने फोन मागून घेतला. कॉल आला की गेम थांबवायचा, हे तिनेच लिहिलं होतं. पुन्हा सुरू करताना जोम जिथे होता तिथून धरायचा, एवढं मात्र ती विसरली होती. पुण्यातला तिचा टीम लीड असता तर भर मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकवत बसला असता.

"ही माझी चूक आहे. दुरुस्त करून देते," ती म्हणाली.

"क्यों?" रहिमाने शांतपणे विचारलं. "किस का नुकसान हुआ?"

नुकसान कोणाचंच झालं नव्हतं. पण आपल्या हातून चूक सुटली आहे हे कळल्यावर उत्तराला चैन पडणं शक्य नव्हतं. बाहेर येऊन तिने खमीसला नवीन आवृत्ती देते म्हणून सांगितलं, कारण सांगितलं नाही. रहिमाने जाताना तिचा हात दाबला, तो आभाराचा की दमाचा हे तिला रात्री जेवेपर्यंत ठरवता आलं नाही.

दुरुस्त केलेला गेम चार दिवसांत दुकानात गेला आणि तिथेच पडून राहिला. पोरं यायची, नवा बघायची आणि जुनाच मागायची. सनाने शाळेत मैत्रिणींना सांगितलं होतं, मैत्रिणींनी भावांना. सबंध बातिनाभर चुलतभाऊ चुलतभावांना मिस कॉल देत बसले होते. ज्याचा गोतावळा मोठा त्याचा बैल तगडा, असा प्रकार होता. तो फक्त खमीसला ठाऊक नव्हता. त्याच्यासमोर कोणी खेळायचंच नाही.

उत्तरा दोन दिवस फुरंगटून बसली.

"माझा चांगला गेम कोणालाच नको आहे," ती मधूला म्हणाली. "चुकलेला हवाय."

"मग चुकलेलाच चांगला म्हणायचा," मधू म्हणाला. त्याला पोलादाखेरीज कशातलं फारसं कळत नसे, पण हे त्याचं बरोबर होतं.

तिने तिसरी आवृत्ती लिहिली. त्यात मिस कॉल हा रीतसर नियमच करून टाकला: लढत चालू असताना फोन वाजला की बैलाचा जोम भरेल, एका लढतीत एकदाच. नियमांच्या पानावर सनाने अरबीत वाक्य घातलं, "घरच्यांची हाक आली की बैलाला बळ येतं." केबी मोजून त्रेसष्ट झाले.

गेम घेऊन उत्तरा आणि मधू शुक्रवारी दुपारी खमीसच्या घरी गेली. खमीसने नियमांचं पान उघडलं. ओठ हलवत एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. मग मान वर करून त्याने बायकोकडे पाहिलं. रहिमा काहवा, म्हणजे वेलदोड्याची कॉफी, ओतत होती. तिने त्याचा पेला भरला, त्याच्यासमोर ठेवला आणि खजुराची ताटली जराशी पुढे सरकवली. सना उठून आत गेली.

खमीसने एकापाठोपाठ तीन पेले काहवा घेतला. उत्तराला वाटलं, आता हा गेम दुकानात ठेवणार नाही, आणि कदाचित मधूलाही यापुढे दुकानात येऊ देणार नाही.

खमीसने पेला हलवून पुरे झाल्याची खूण केली आणि तो मधूजवळ सरकून बसला.

"मधूभाई," आवाज शक्य तेवढा खाली आणून तो म्हणाला, "शाम को पांच बजे फ्री रहता है? सिर्फ एक रिंग देना. मैं उठाऊंगा नहीं."

"इन्शाल्ला," मधू म्हणाला. उत्तराला न विचारताच.