अर्धी गोष्ट कपाटात

मित्रांनो, कपाटाला पाठ असते हे तुमच्या कधी लक्षात आले आहे का? येणारही नाही. आम्हाला जन्मभर भिंतीला टेकवून उभे करतात आणि आमची पाठ पालींच्या हवाली करतात. माझ्या पाठीवर मात्र चार अक्षरे लिहिलेली आहेत. ती कशी आली, तिथूनच सुरुवात करतो.

मी लोखंडी, दोन दारांचे, काचा लावलेले, पुस्तकांचे कपाट. माझा जन्म आळेफाट्याला, ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये झाला. लहानपणी माझ्या एका अंगाला दुधाचा टँकर असे आणि दुसऱ्या अंगाला कांद्याचा ट्रक. गेणभाऊ पेंटरने माझ्या कपाळावर ‘ग्रंथालय’ लिहिले, दोन्ही बाजूंना एकेक कमळ काढले आणि मग सवयीने तो मागे गेला. मागे जाऊन त्याने पिवळ्या रंगात ठसठशीत लिहिले, ‘सुरक्षित अंतर ठेवा’.

मालक कपाळावर हात मारून म्हणाले, “आरं गेणभाऊ, ह्ये कपाट काय हायवेला पळवायचंय?”

“मालक, हात गेला वो. ऱ्हाऊ द्या, पाठ कोन बघतंय?”

खरेच कोणी बघितली नाही. मला टेम्पोत घालून आणे पठारावरच्या एका शाळेत आणले आणि भिंतीला टेकवले.

ते दिवस काय सांगू! शनिवारी शाळा सुटायच्या आधी माझे कुलूप उघडत असे. पोरे अशी तुटून पडत की माझ्या बिजागऱ्या ओरडत. त्यांच्या हातांना पेरूचा, मातीचा, कधी मेंढरांच्या लोकरीचा वास असे. कोणी पुस्तकातल्या राजाला पेनाने मिशा काढी, कोणी आवडलेल्या पानात मोरपीस ठेवी. त्यात रामनाथ नावाचा एक पोरगा होता. कवायतीचा तास आला की तो माझ्या उघड्या दाराआड बसून वाचत असे. एका कोकराची गोष्ट तर त्याने इतक्यांदा वाचली की त्या पुस्तकाची शिवण सैल झाली. शिक्षक शोधत आले की मी दार जरा पुढे करत असे. म्हणजे खरे तर ते वारा करत असे. पण श्रेय मी घेतो.

पुढे पोरे मोठी झाली. त्यांच्या पोरांच्या हातात मोबाईल आले. शनिवार येत राहिला, कुलूप उघडेनासे झाले. माझ्यासमोर खिचडीच्या तांदळाची पोती आली, पोत्यांवर लेझीम आले, लेझमांवर धूळ आली. ग्रंथालयाचे काम पाहणाऱ्या ज्योत्स्नाबाई तेवढ्या अधूनमधून येऊन फडके मारत.

अशात रामनाथ परत आला. आता तो मुख्याध्यापक होता, त्याला पोट होते आणि लोक त्याला सर म्हणत. मी त्याला ओळखले. त्याने मला ओळखले नाही. कपाटे बदलत नाहीत, म्हणून तर ती ओळखू येत नाहीत.

सर एक प्रशिक्षण घेऊन आले आणि म्हणाले, “बाई, जमाना डिजिटल आहे. आपण ग्रंथालयाचा व्हिडिओ काढू. चॅनेल काढू. कपाटावर क्यूआर कोड चिकटवू.”

माझ्या डाव्या कमळावर क्यूआर कोड बसला. व्हिडिओसाठी आदेश नावाचा पोरगा आला. तो लग्नाचे शूटिंग करणारा. लेण्याद्रीच्या पायथ्याशी नवरा-नवरीला कॅमेऱ्यासमोर पळवून पळवून त्याचा हात बसलेला. त्याने पुस्तके रंगांप्रमाणे लावली. गणित कादंबरीशेजारी आले, कारण दोघेही निळे. माझे दार सावकाश उघडले, मागे सनई वाजली, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या आणि शेवटी बदामात माझा फोटो आला. या वयात.

व्हिडिओची फार वाहवा झाली. वाचायला मात्र कोणी आले नाही; कारण कोणाला येऊच दिले नाही. “अजून एक शॉट राहिलाय, पुस्तकांना हात लावू नका,” असे म्हणून सरांनी किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. तो शॉट अख्खा पावसाळा राहिला. कोपऱ्यातले छत गळत होते. थेंब माझ्या डोक्यावर पडत आणि आत झिरपत. मी आवाज करत होतो, पण माझ्या आवाजाचे चॅनेल नव्हते.

दिवाळीनंतर सरांनी फर्मान काढले. “पुस्तके पोत्यात भरून माळ्यावर टाका, कपाट भंगारात द्या. इथे मोठा टीव्ही येणार.”

“सर, कपाट गेलं की ग्रंथालय गेलं,” बाई म्हणाल्या.

“बाई, एक तरी वाचक दाखवा मला. शुक्रवारी भंगारवाला येतोय.”

बाईंकडे आठवडाही नव्हता. माझी एक काच फुटलेली होती. तिच्यातून हात घालून त्यांनी हाताला आले ते पुस्तक काढले. नेमके कोकराचे! वाचक मिळावा म्हणून आठवीतल्या प्रांजलने मोबाईल धरला आणि बाई वाचू लागल्या. धुक्यात कळपामागे राहिलेले लंगडे कोकरू, घाटाच्या वाटेवर ऐन वळणावर आडवा उभा राहिलेला लांडगा, “कोकराने वर पाहिले, आणि...”

आणि मोबाईलमधली जागा संपली. व्हिडिओ तिथेच तुटला. हे कोणाला कळले नाही, कारण नेमकी तेव्हाच घंटा झाली आणि बाईही पान न उलटताच थांबल्या. बाईंनी पुस्तक आत ठेवले, प्रांजलने व्हिडिओ मेंढ्या घेऊन घाटाखाली गेलेल्या आपल्या माणसांना पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी प्रांजल धावत आली. तिच्या आजीचा, सारजाबाईचा, निरोप मोबाईलवर आला होता. मागे मेंढरांचा गलका होता.

“ए प्रांजल, फुडं काय झालं गं? आर्धंच आलंय. हितं लई भांडान लागलंय. तुजा मच्छिंद्रचुलता म्हनतो लांडग्यानं खाल्लं. मी म्हनते न्हाई खाल्लं. सांग लवकर, तो चुलीम्होरं बसून माजं डोस्कं खातोय!”

बाई आधी ओशाळल्या, मग हसल्या. त्यांनी एवढेच कळवले, “उरलेली गोष्ट कपाटात आहे. वाचायला या.”

तो तुटका व्हिडिओ मेंढपाळांच्या एका तळावरून दुसऱ्या तळावर गेला. बाप पोरांना फोन करून विचारू लागले, “शाळंत जाऊन बघ की रं, कोकराचं काय झालं?” पोरे माझ्या काचेला नाके लावून उभी राहिली. बाई किल्ली मागायला गेल्या, तर सर म्हणाले, “आता शुक्रवारीच उघडू.” आणि फुटक्या काचेवर त्यांनी प्लायवूड ठोकून घेतले.

शुक्रवारी भंगारवाल्याने मला ओढत व्हरांड्यात आणले. शाळेत आल्यापासून पहिल्यांदा माझी पाठ उजेडात आली. पोरांनी मोठ्याने वाचले आणि सगळी शाळा हसली. तेवढ्यात आळेफाट्याहून आलेल्या एसटीतून सारजाबाई उतरली. रेशनचा अंगठा उठवायला आले, असे ती सांगत होती. पण रेशनचे दुकान मागे टाकून ती आधी शाळेत आली होती.

“ह्ये कपाट कुटं चाललं? माजी गोष्ट हाय त्यात!”

“आजी, तुम्हाला गोष्ट मोबाईलवर पाठवतो,” सर म्हणाले.

“मोबाईलवर आर्धीच येती, रामनाथ. उघड.”

सरांनी किल्ली काढली. कुलूप गंजले होते, पण मी फार ताणले नाही. प्रांजल पुस्तक घेऊन आजीजवळ बसली आणि वाचू लागली. पोरे भोवती दाटली. भंगारवालाही दोर खाली टाकून टेकला. “कोकराने वर पाहिले, आणि...” प्रांजलने पान उलटायला बोट घातले. पान उलटेना. पावसाने शेवटच्या पानांची चिकटून वडी झाली होती.

“वाच की गं.”

“आजी, पानंच ऱ्हायली न्हाईत.”

सारजाबाईने सरांकडे पाहिले. “कुलपात ठिवलं व्हतं ना रं तुमी?”

सर पुढे आले. त्यांनी ते पुस्तक हातात घेतले. सैल शिवणीवरून अंगठा फिरवला. मग माझ्या उघड्या दाराकडे पाहिले आणि हळूच खाली बसले. तिथेच, दाराच्या आड, जिथे तो पोरगा बसायचा.

“लांडगा म्हातारा होता,” पुस्तक न बघता ते सांगू लागले. “त्याला एकटं वाटत होतं. तो बाजूला झाला. कोकरू पुढे निघालं आणि तो मागे. तळावरचा जाळ दिसेपर्यंत चालला. पण जवळ गेला नाही. कोकरू भिऊ नये म्हणून अंतर ठेवून चालला.”

मग सारजाबाईने गुडघ्यावर थाप मारली. “म्हंजी मच्छिंद्र हारला!”

भंगारवाला रिकामाच गेला. छप्पर शाकारले, टीव्ही दुसऱ्या भिंतीला लागला. बाई आता व्हिडिओ मुद्दाम अर्धेच काढतात आणि किल्ली कुलपालाच लटकलेली असते.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. आमचे व्हिडिओ जरूर काढा, पण पावसाळ्यात एकदा आत हात घालून ओल बघत जा. आणि माझ्या पाठीवर काय लिहिले आहे ते मनावर घेऊ नका. ते ट्रकसाठी आहे. तुम्ही जवळ या.