क्रोटनला लागलेली दृष्ट

आमच्या घरात संशय घेतल्याशिवाय कोणाला जेवण पचत नाही. दूध पातळ निघालं की गवळ्यावर, वाटी सापडली नाही की भांडेवालीवर. अन् मी तरी कुठे कमी? या घरात थोरली सून म्हणून इतकी वर्षं काढली, वाण नाही पण गुण लागलाच. म्हणून बैठकीतल्या क्रोटनची पानं वळायला लागली तेव्हा झाडाला काय झालं, हे कोणी विचारलंच नाही. केलं कोणी, एवढंच सगळे विचारून राहिले होते.

हे क्रोटन म्हणजे मामंजींच्या साहेबाची भेट. मामंजी, म्हणजे माझे सासरे भय्यासाहेब, कचेरीत हेडक्लार्क. त्यांचा गोरा साहेब बदली होऊन जबलपुरातून नागपूरला गेला, तेव्हा बंगल्यातली ही कुंडी त्यांना देऊन गेला. लाल-पिवळ्या ठिपक्यांची जाड, चकचकीत पानं. कुंडी घरात आली अन् त्याच महिन्यात मामंजींना बढती मिळाली. मग काय विचारता! सासूबाईंनी झाडाला हळदकुंकू वाहिलं. आल्यागेल्याला आधी झाड दाखवायचं, मग पाट द्यायचा.

वैशाखात धाकट्या दिराचं, गुणवंतचं, लग्न झालं. अमरावतीची विनता घरात आली. त्या गडबडीत शोभेसाठी म्हणून कुंडी मांडवाच्या दाराशी नेऊन ठेवली अन् तिथंच राहिली. जबलपूरची वैशाखातली लू, ती भाजून काढणारी झळ, माणसाला सोसत नाही, तिथं झाडाचं काय! आत आणली तेव्हा दोन पानं कडेनं वळलेली होती.

"सुनेनं माप ओलांडलं अन् लक्ष्मीनं तोंड फिरवलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एकदा निघालं की ती काळ्या दगडावरची रेघ.

ज्येष्ठात आणखी पानं वळली. कडा करपल्या, पानांच्या पुंगळ्या झाल्या. सासूबाईंनी विनताला आडून आडून विचारलं, बाहेर बसलेली असताना कुंडीला हात तर नाही लावला? ती बिचारी नाही म्हणाली. मग नाही म्हणाली त्याचाच संशय! शेवटी एक दिवस माझ्यासमोर भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "आखाड लागला की तिचे वडील न्यायला येतील. जाऊ दे तिला. श्रावणात परत आणायची घाई नाही आपल्याला."

माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. नव्या सुनेला आखाडात माहेरी धाडतात, ही रीतच आहे. पण श्रावणात पहिली मंगळागौर असते, तिला आणली नाही तर उभी अमरावती विचारेल, पोरीत काय खोट निघाली म्हणून. टाकलेलीच म्हणायची मग. अन् गुणवंत? त्याला आईपुढे तोंड उघडायची कधी सवयच नव्हती.

खरं सांगू? तोवर मलाही विनतावरच संशय होता. दुपारी सगळे निजले की ती हळूच बैठकीत जायची. मला वाटलं, पोरीचं मन इथं रमत नाही, आपणच काहीतरी टाकून झाडाला मारून राहिली अन् परत जायचा रस्ता काढून राहिली. एका दुपारी मी मागून जाऊन तिचं मनगटच धरलं.

"मूठ उघड!"

तिच्या मुठीत ओलं फडकं निघालं.

"धूळ पुसून राहिली होती, ताई," ती म्हणाली अन् रडायला लागली. "हे झाड सरळ झालं नाही तर आई मला परत आणणार नाहीत ना?"

अगं माय! म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. मला स्वतःचीच लाज वाटली, पण तिला म्हटलं, "रडू नको. रडून पानं सरळ होत नाहीत. चल, पाहू दे मला."

पहिल्यांदाच मी ते झाड नीट पाहिलं. पानं उलटून पाहिली, किडा नाही, जाळं नाही. माती ओली होती, म्हणजे तहानही नाही. पण मातीवर पांढरट साय धरली होती. बोटानं उकरलं तर मोहरीचे दाणे हाती लागले, फुगलेले, काळे पडलेले. ओल्या मातीत मोहरी तीन दिवसांत वर येते, अन् ही इथं नुसती कुजून पडलेली! मी चिमूटभर माती जिभेवर ठेवली अन् थू थू करत खिडकीकडे धावले. खारट! पापडखारासारखी खारट!

मीठ अन् मोहरी. आता काय, न्यायाधीश बसवायचा? आमच्या घरी दृष्ट कोण काढतं ते मोलकरणीलाही माहीत आहे. पूर्वी सासूबाई मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या. मामंजींना दम्याची उबळ यायला लागली तशी मिरची बंद झाली अन् चुलीत टाकणंही बंद झालं. ओवाळलेलं कोणाच्या पायाखाली येऊ नये, अशी रीत. आमच्या भाड्याच्या घरात कोणाचा पाय पडत नाही अशी जागा कोणती? कुंडी! दिवेलागणीला सुनेची लागलेली नजर उतरवायला त्या झाडावरून मूठभर मीठ ओवाळत होत्या, अन् ते त्याच झाडाच्या बुडाशी पुरत होत्या. पान वळलं की मूठ आणखी मोठी.

संध्याकाळी मी सरळच बोलले. "आई, मिठानं मुळं जळतात हो. माती चाखून पाहा."

"मिठानं दृष्ट जळते," त्या म्हणाल्या. अन् मग डोळे बारीक करून, "तू काहून तिची बाजू घेऊन राहिलीस? तुला काय सांगितलं तिनं?"

घ्या! भिंतीशी बोललेलं बरं.

आखाड लागला. विनताचे वडील, रामकृष्णपंत, न्यायला आले. त्या सकाळी सासूबाई नर्मदेच्या ग्वारीघाटावर आंघोळीला गेल्या, तेवढ्यात आम्ही दोघींनी कुंडी मागच्या दारी नेली. विनतानं झाड हातात धरलं, मी मुळांवर पाणी ओतत राहिले, पाणी अळणी लागेपर्यंत. खारट माती नालीत टाकली. कुंडीचं बुजलेलं भोक मोकळं केलं, त्यावर खापरी ठेवली, आंब्याखालची पालापाचोळ्याची काळी माती भरली. करपलेली पानं खुडली. पोरीचे हात कोपरापर्यंत चिखलानं भरले होते, त्याच हातांनी तिनं डोळे पुसले.

दुपारी सासूबाई तिला म्हणाल्या, "पेटी पुरती भरून ने. काही मागे ठेवू नको." रामकृष्णपंतांचा चेहरा उतरला. टांगा सराफ्याच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी दारात उभी होते.

ती गेली अन् दृष्टही बंद झाली. जिची नजर लागायची तीच नाही, तर मीठ कोणासाठी ओवाळायचं? नवी माती, दमट हवा, आखाड सरता सरता क्रोटनला ताजे कोंब फुटले. सरळ, लालसर, हाताएवढी पानं. मी मनात म्हटलं, चलो, जमलं. आता बोलावतील पोरीला.

श्रावणाच्या तोंडावर सगळे बैठकीत बसले होते. सासूबाईंनी नव्या पानावरून बोट फिरवलं.

"पाहिलं? ती गेली अन् झाड हसलं. मी म्हणत नव्हते? आता आणखी पुरावा पाहिजे का कोणाला?"

मामंजींनी मान हलवली. गुणवंत खाली पाहत बसला. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. आम्ही दोघींनी हातानं जगवलेलं झाड, अन् त्याचीच साक्ष तिच्या विरुद्ध!

मी उठले. स्वयंपाकघरातून मिठाची बरणी आणली अन् सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कुंडीत उपडी केली. वरून तांब्याभर पाणी.

"अंजनी! वेड लागलं का तुला?" सासूबाई किंचाळल्या.

"विनता अमरावतीत आहे," मी म्हटलं. "तिची नजर एवढ्या लांब पोचत नाही. आता पाहा पानं वळतात की नाही. वळली तर दोष कोणाला द्यायचा, ते तुम्हीच सांगा."

त्यानंतर रोज सकाळी सासूबाई कुंडीपाशी जाऊन उभ्या राहायच्या अन् पानं चाचपून परत यायच्या. आठवडा सरायच्या आत ती सगळी नवी पानं कडेनं वळली. पुंगळ्या झाल्या. मग एकेक गळायला लागलं.

त्या दिवशी जेवताना सासूबाईंनी गुणवंतला वाढता वाढता म्हटलं, "उद्याच्या गाडीनं जा. आण तिला. मंगळवार चुकायला नको."

त्याचा घास हातातच राहिला. माझे डोळे भरून आले.

"अन् तुझ्या भावाला, दिवाकरला, सांग," त्या माझ्याकडे न पाहताच पुढे म्हणाल्या, "बायकोवर जरा लक्ष ठेवत जा म्हणावं. आता पोर परत येऊन राहिली, अन् हिचा हात कुठवर जातो ते पाहिलं सगळ्यांनी."

मी त्यांच्या पानात भात वाढला, वर तूप घातलं. मीठ मात्र त्यांनी स्वतःच घेतलं.