मशीनला कुणी सांगितलंच नव्हतं

मनुबाईच्या नातवाला मशीन घेत नव्हतं. एवढंच तिच्या कानावर आलं होतं, आणि त्यापुढचं घरातलं कुणी बोलायला तयार नव्हतं.

त्र्याण्णव सालचा मे महिना. ठाण्यात नौपाड्याच्या एका कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवायला कॉम्प्युटर आला होता आणि हाताने लिहिलेले दाखले बंद झाले होते. नातवाला प्रवेश द्यायला शाळेने छापील दाखला मागितला. शनिवारपर्यंत आणा, नाहीतर पुढच्या वर्षी या, असं बजावलं. मनुबाईचा मुलगा नामा दोनदा जाऊन हात हलवत परत आला.

"काय झालं?" मनुबाईने विचारलं.

"मशीन घेत नाय," नामा म्हणाला.

"कनाला घेत नाय? पोऱ्याला काय शिंगं हायत?"

नामाने तोंडात मिठाची गुळणी धरली आणि अंगणात जाऊन जाळं शिवत बसला. सून शेवंती एरवी तासभर बोलली तरी न थकणारी, तिलाही नेमकं तेव्हाच भात उतू जातोय असं वाटलं. मनुबाईच्या मनात पाल चुकचुकली.

आता मनुबाई म्हणजे कशाचाही छडा लावल्याशिवाय चैन न पडणारी बाई. कुणाच्या घरी आज पाहुणे आहेत आणि ते कोणत्या बाजूचे, हे ती गिऱ्हाइकाने उचललेल्या पापलेटावरून ओळखायची. कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीत पहिला टेलिफोन आला तेव्हा आत कोण बोलतंय ते बघायला तिने तो उलटा करून हलवला होता. असल्या बाईला "मशीन घेत नाही" एवढ्यावर गप्प बसवणं शक्यच नव्हतं. त्या मशीनचं आपल्या पोराशी काय वाकडं आहे, ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

गुरुवारी सकाळचा बाजार आटोपला तशी ती रिकामी पाटी घेऊन थेट कचेरीत गेली. पाटी बाहेर ठेवायला लागली. आत काचेमागे गारेगार खोली, खिडक्यांना पडदे, दाराशी चपला काढलेल्या. आत एक मुलगी पायात मोजे घालून मशीनपुढे बसली होती. देवळातसुद्धा हल्ली एवढं सोवळं राहिलेलं नाही, असं मनुबाईला वाटलं. काचेला खाली एक भोक होतं, त्यातून बोलायचं. तिच्या मागे लगेच रांग वाढली.

मशीनपुढची मुलगी शीला. डोंबिवलीहून रोज यायची. मासळीचा वास काचेतूनही आत पोचला असणार, पण तिने नाक मुरडलं नाही, याची मनुबाईने मनात नोंद घेतली.

"बोला मावशी. जन्माचा दाखला? मुलाचं नाव काय?"

इथे पंचाईत झाली. मनुबाईने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"नाव सांगा ना."

"आमचे घरातलंच हाय."

"घरातलंच म्हणजे?"

"म्हंजे... मोठ्यांचंच ठेवलंय."

शीला तिच्याकडे बघतच राहिली. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंना लगेच उमगलं. "अगं, हिच्या नवऱ्याचं नाव असेल नातवाला. ती नाही घ्यायची तोंडाने."

तसंच होतं. कोळीवाड्यातल्या जुन्या बायका, नवरा आहे तोवर त्याचं नाव उच्चारायच्या नाहीत. नातू पाच वर्षांचा होत आला तरी मनुबाई त्याला बाबू म्हणायची. वाड्यात, बालवाडीत, सगळीकडे तो त्याच्या खऱ्या नावाने ओळखला जायचा. फक्त आजीपुरता बाबू.

"खूण तरी सांगा," शीला म्हणाली. तिलाही आता मजा वाटायला लागली होती.

"लोनी चोरून खातो त्यो. बाप नामा कोळी."

"कृष्णा?" शीलाने बटणं दाबली. "कृष्णा नामा कोळी... नाही बाई इथे."

"गोपाळ बघा," मागून एक गृहस्थ म्हणाले.

"मुरलीधर!" आणखी कुणी ओरडलं.

रांगेचा वैताग कुठल्या कुठे पळाला. गिरिधर झाला, माधव झाला, एकाने उगाच बलराम सांगितला, त्याला बाकीच्यांनी गप्प केलं. मनुबाई प्रत्येक नावाला मान हलवत होती आणि पदराआड हसत होती. शेवटी त्याच म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "कान्हा असेल."

मनुबाईने जोरात मान डोलावली. रांगेत कुणी तरी टाळी वाजवली.

शीलाने नाव टाइप केलं. मग तिचा हात थांबला. तिने काचेपलीकडून मनुबाईकडे नीट पाहिलं, म्हणजे कपाळावरच्या ठसठशीत कुंकवाकडे आणि डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे. उजवा हात मोकळा होता. त्या हातातला चुडा कोळणी लग्नातच दर्याला देतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून.

"तुम्ही चेंदणी कोळीवाड्यातल्या का? नामाची आई?"

"हो. काय झालं? दिसला का?"

"दिसला," शीला हळूच म्हणाली. "पण हा तुमचा नातू नाही. हे एकतीस साली जन्मलेले आहेत."

मनुबाईला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि ती कुणाला न विचारता बाजूच्या दारातून सरळ आत शिरली. शिपाई "ओ बाई, ओ बाई" करत मागे धावला. शीलाने त्याला हाताने थांबवलं आणि स्वतःची खुर्ची सरकवून मनुबाईला जागा करून दिली.

काळ्या काचेवर हिरवी मराठी अक्षरं होती. मनुबाई चौथीपर्यंत शिकलेली. बोट लावत लावत तिने वाचलं. कान्हा, मग नामा, मग कोळी. खाली चेंदणी कोळीवाडा. नऊ वर्षं झाली होती. वसईच्या एका मोठ्या होडीवर तिचा नवरा खलाशी म्हणून गेला, वादळात होडीच परत आली नाही. ना माणूस, ना फळकूट. त्याचा फोटोसुद्धा घरात नव्हता. आणि इथे, परक्या लोकांच्या या गार खोलीत, त्याचं नाव असं लखलखत उभं होतं.

"आनि यो शेवटाला काय लिवलंय?"

मनुबाईनेच बोट लावून वाचलं. जि-वं-त.

"अगं बाय!" तिचा आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत गेला. "मी काय बोलत व्हते? नऊ वर्षं बोलतंय! बघा, सरकार पन तेच बोलतंय!"

आणि ती खरोखर हसली, तोंडभरून. तिची तरी काय चूक? नऊ वर्षं तिने कुंकू पुसलं नव्हतं. सोसायटीच्या लोकांनी, पोलिसांनी, मदतीचे पैसे घेऊन आलेल्या माणसांनी, सगळ्यांनी विचारून झालं होतं. "माझ्या डोळ्यांनी बघितलं नाय, मग मी कशी बोलू?" एवढंच तिचं उत्तर. पुढे नामाला मुलगा झाला. वाड्यात घरातल्या गेलेल्या माणसाचंच नाव मुलाला देतात, हयात माणसाचं कधी देत नाहीत. बारशाच्या दिवशी आत्या पाळण्यापाशी कान लावून उभी राहिली तेव्हा मनुबाई म्हणाली, "घरातलंच ठेवा." बायका चपापल्या. एकमेकींकडे पाहिलं. पण हिच्या कपाळी कुंकू तसंच, आणि मुलाच्या कानात नाव तेच. कुणी काही विचारलं नाही. त्या दिवसापासून वाड्याने दोन्ही गोष्टी खऱ्या धरल्या. माणसांना तसं करता येतं.

मशीनला येत नव्हतं. शीलाने ते तिला समजावून सांगितलं. जुन्या फाटक्या वह्यांतून टाइप करताना तीच नोंद दोनदोनदा पडायची, म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ठाकुर्लीच्या पोराने त्यात एक कुलूप घातलं होतं. तेच नाव, तोच बाप, तोच पत्ता पुन्हा आला, तर पहिला जिवंत असेतोवर दुसरी नोंद घ्यायचीच नाही. आजोबाचं नाव नातवाला आणि पणजोबाचं बापाला, अशी नावं फिरवत राहणारी वस्ती त्या बिचाऱ्याने कुठे पाहिलेली!

"मशीनचं म्हणणं, कान्हा नामा कोळी एकच," शीला म्हणाली. "हे जिवंत आहेत तोवर दुसरा घेता येत नाही."

"मग माझा नातू?"

"त्याचं नाव बदलायचं. नाहीतर..." शीलाने वाक्य अर्धंच सोडलं.

"माझे नामाला सांगितलंस तू ह्यो?"

"सांगितलं ना. पोलिसांचा पंचनामा, सोसायटीचं पत्र, सगळं त्याने आणलं होतं. साहेब म्हणाले चालेल, फक्त घरच्या माणसाची अर्जावर सही हवी. तो मुलगाच, त्याची चालली असती. पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं." शीला थांबली. "म्हणाला, आईला विचारल्याशिवाय मी करणार नाही. म्हटलं, मग विचार. तर म्हणाला, आईला विचारायची माझी छाती नाही. नाव तरी बदल म्हटलं, तर म्हणाला, ते आईने ठेवलंय."

तो अंगणातला नामा मनुबाईच्या डोळ्यांपुढे आला, खाली मान घालून न फाटलेलं जाळं शिवणारा. पोराचं एक वर्ष फुकट गेलं असतं तरी तो बोलला नसता. आणि शेवंती, उतू न जाणाऱ्या भातामागे पळणारी. आपण घरात पाय ठेवला की हे सगळे किती जपून बोलतात, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

तरी तिने शेवटची एक वाट चाचपून पाहिली. कुतूहल म्हणा की आशा म्हणा, त्या घटकेला तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"पोरी, मना एक सांग. यो मशीन जिवंत बोलतो तो कशावरून? यानं बघितलंय त्यांना?"

"नाही हो मावशी."

"मग कुनी येऊन सांगितलं?"

"तसं नाही. त्याला काही दिसत नाही की ठाऊक नाही. जो जन्मला त्याच्यापुढे ते जिवंतच लिहितं." शीलाचा आवाज अगदी खाली आला. "गेला म्हणून कुणी सांगितलं नाही, तर ते आपलं जिवंतच म्हणत राहतं."

मनुबाई त्या हिरव्या अक्षरांकडे बघत राहिली. खोलीत मशीनची बारीक घरघर चालू होती. एवढ्या सोवळ्यात ठेवलेलं, पडद्याआडचं, ज्याला सगळं माहीत म्हणून लोक घाबरतात ते मशीन, आणि त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नामाने सांगितलं नव्हतं. वाड्याने सांगितलं नव्हतं. तेही बिचारं तिच्यासारखंच बसून होतं.

"मग सांग त्याला," ती म्हणाली.

"काय, मावशी?"

"गेले म्हनून सांग. मी बोलतंय. कुठं सही करू?"

शीलाने अर्ज पुढे केला. मनुबाईने चौथीतल्या अक्षरांत, एकेक काना नीट ओढत सही केली. पेन खाली ठेवून डावा हात अर्जावरून उचलताना बांगड्या टेबलाला लागून वाजल्या. त्यांचं काय करायचं ते ती घरी गेल्यावर बघणार होती. ते काही मशीनला विचारायचं नव्हतं.

शीला अर्ज घेऊन साहेबांकडे गेली आणि शिक्का घेऊन आली. बटणं दाबली. 'जिवंत' गेलं आणि तिथे दुसरा शब्द आला. मनुबाईने तो बोट न लावता वाचला.

"पुसलं का त्यांचं नाव?"

"नाही, नाव राहणार. कायमचं आहे ते."

"मग ठीक हाय."

"आता नातवाचं घालते," शीला म्हणाली. पडद्यावर रिकामी जागा आली. सवयीने ती विचारून बसली, "मुलाचं नाव?" आणि लगेच तिने जीभ चावली. काचेबाहेरच्या म्हाताऱ्या बाई मदतीला पुढे वाकल्या.

मनुबाईने हात वर करून त्यांना थांबवलं.

"कान्हा," ती म्हणाली.

या वेळी रांगेतून टाळी आली नाही. शीलाने टाइप केलं. मशीनने जराही कुरकुर न करता नातवाला घेतलं, आणि कोपऱ्यातला प्रिंटर करकर करत दाखला बाहेर टाकू लागला.

मनुबाई कोळीवाड्यात पोचली तेव्हा उन्हं कलली होती. खाडीकडच्या मोकळ्या जागेत पोरं उलट्या घातलेल्या होड्यांभोवती पळत होती. नामा अंगणात तेच जाळं घेऊन बसला होता. आई कुठे गेली होती ते त्याला माहीत नव्हतं, आणि त्याने विचारलंही नसतं. मनुबाई डोक्यावरच्या पाटीसकट गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि तिने बाजारातल्या खड्या आवाजात हाक मारली.

"कान्हा! ए कान्हा! चल घरी!"

होड्यांपाशी पळणारा पोरगा थांबला आणि इकडेतिकडे बघू लागला. नाव त्याचंच होतं, आवाज आजीचाच होता, पण हे दोन्ही एकत्र त्याने कधी ऐकलं नव्हतं. समोरच्या ओट्यावर सुकी मासळी निवडणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी राहिले.

नामाने जाळं खाली ठेवलं. तो उठून आईपाशी आला आणि त्याने तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली.