अस्वलाची दाढ

अस्वलाची दाढ किडली आहे, हे डॉक्टरांना खुद्द अस्वलाच्याही आधी माहीत होतं.

अस्वल म्हणजे प्राणी नव्हे. युरोपच्या उत्तर टोकाला, जिथे हिवाळ्यात सूर्यच रजेवर जातो, तिथल्या एका मेटल बँडचा गायक. दारातून वाकूनच आत शिरावं लागेल असा देह, कमरेपर्यंत केस आणि आवाज असा, की जमिनीखालून कुणीतरी कपाट ओढत नेतंय असं वाटावं. चाहत्यांनी प्रेमानं ठेवलेलं नाव अस्वल, आणि नाव पडल्यापासून ते गातं, ते ओरडतं, ते रुसतं, असंच सगळे म्हणत आले.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. वय पंचेचाळीस, टक्कल, स्वभाव साबणाच्या वडीसारखा. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जिथे कॉम्प्रेसर धडधडत असतो, तिथे त्यांनी अस्वलाचं पोस्टर लावलं होतं. पुढच्या खोलीत लावायची ताईची परवानगी नव्हती. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दवाखान्याचा गल्ला, फोन आणि शिस्त तिच्या हातात.

पोस्टरमध्ये अस्वल आ वासून किंचाळतंय. लोकांना त्यात राग दिसतो, वेदना दिसते, मानवजातीचा अंत दिसतो. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी दिसली ती खालची डावी मोठी दाढ. तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका.

पुढे नवे अल्बम आले, नवी पोस्टरं आली. ठिपका वाढला. डॉक्टरांनी बँडच्या पत्त्यावर मेल केला: गाणी अप्रतिम, दाढ दाखवून घ्या. उत्तर आलं: तुमच्या प्रेमाबद्दल आभार, टी-शर्टवर दहा टक्के सूट.

"लोक पोस्टरच्या प्रेमात पडतात," ताई म्हणायची, "आमचं ध्यान पोस्टरला औषध देतं."

*

याच वेडाचा दुसरा रोगी शेजारीच. चष्म्याचं दुकान चालवायचा, म्हणून त्याला सगळे दुर्बीण म्हणत. रविवारी दुकान बंद करून हे दोघे आत बसत आणि ज्या पांढऱ्या भिंतीवर एरवी गिऱ्हाइकं लहान होत जाणारी अक्षरं वाचतात, त्या भिंतीवर सिनेमे बघत. अंतराळयानं, परग्रहावरचे चिकट पाहुणे, बंड करणारे यंत्रमानव. सिनेमा संपला की भांडण ठरलेलं.

"कालयंत्र मिळालं तर पहिल्यांदा कुठे जाशील?"

"डायनासोर बघायला," दुर्बीण म्हणायचा. "तू?"

"ठिपका लहान होता तेव्हा. भरायला."

"अरे, अख्खा भूतकाळ पडलाय आणि तू फिलिंग करणार?"

आणि मग एके दिवशी बातमी आली, की अस्वल येतंय. इथे. या शहरात. यायची शक्यता परग्रहवासीयांपेक्षा थोडीच जास्त होती, तरी येतंय! दुर्बिणीनं अगदी स्टेजला चिकटून उभं राहायची दोन तिकिटं काढली. डॉक्टरांनी काळा टी-शर्ट स्वतः इस्त्री केला आणि छातीवरची कवटी इस्त्रीला चिकटू नये म्हणून वर रुमाल अंथरला.

"आज पाचनंतर कुणाचा जबडा हातात आला तरी सांगते, डॉक्टर वारले," ताई म्हणाली.

दुपारी तीनला दार उघडलं.

*

आधी आली एक किडकिडीत बाई, दोन्ही हातांत दोन फोन. मागून, वाकून, जबड्याला टॉवेल बांधलेलं अस्वल.

बाकावर कवळीवाल्या काकू बसल्या होत्या. त्या सरकल्या. मग आणखी सरकल्या.

ताईनं मान वर केली नाही. "अपॉइंटमेंट आहे?"

"नाही," किडकिडीत बाई इंग्रजीत म्हणाली. ती बँडची मॅनेजर; हॉलपासून सगळ्यात जवळचा दवाखाना हाच होता. "पण हे कोण आहेत तुम्हाला..."

"कुणीही असू देत. बसा. काकूंची कवळी आधी."

म्हणून ज्याला बघायला संध्याकाळी हजारो लोक येणार होते, ते अस्वल काकूंच्या शेजारी पर्स मांडीवर ठेवावी तसे हात मांडीवर ठेवून बसलं. काकूंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि हळूच म्हणाल्या, "फार ठणकतंय का रे बाबा?" शब्द कळले नसावेत. पण अस्वलानं मान हलवली.

"जाऊ दे याला आधी," काकू म्हणाल्या. "माझे दात काही पळून जात नाहीत."

डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि त्यांचीच दातखिळी बसली.

*

खुर्ची मागे झाली. दिवा लागला. एरवी हा क्षण डॉक्टरांना यानाच्या उड्डाणासारखा वाटायचा. आज पाचावर धारण बसली होती.

"कुठली दाढ दुखते..." मॅनेजर सांगायला लागली.

"सांगू नका," डॉक्टर म्हणाले. "माहितीय."

"कशी काय?"

"अनुभव."

तोंड उघडायला सांगितलं. पोस्टरमधल्या ज्या तोंडात कपाट मावलं असतं, त्यात आज दोन बोटं जेमतेम जात होती. जबड्याखाली कडक सूज. ताप. गिळताना अस्वलाच्या डोळ्यांत पाणी. दाढ आत पार पोकळ झालेली, आणि पू आता खाली उतरायला रस्ता शोधत होता. डॉक्टरांनी बोटानं गळा चाचपला. सूज अजून वरच होती. अजून.

मॅनेजरनं एक फोन कानाला लावला, दुसरा छातीशी धरला. "हॉल भरलाय. सुई द्या, बधिर करा, दोन तास काढू द्या. त्यानंतर तो तुमचाच."

अस्वलानं अंगठा वर केला. त्यालाही तेच हवं होतं.

"एक हत्यार घेऊन येतो," म्हणून डॉक्टर मागच्या खोलीत गेले. तिथे हत्यार नव्हतं.

विश्व पहिलं

सुई दिली. संध्याकाळी पुढच्या रांगेत डॉक्टर आणि दुर्बीण. अंधार. ड्रम. अस्वल येतं, छाती फुगवतं, आणि आयुष्यभर जे कानांत अडकून होतं ते अंगावर येतं. दुर्बीण रडतो, चष्म्यावर वाफ धरते. तिसऱ्या गाण्यात अस्वल सगळा जोर गळ्यात आणतं. सूज खाली सरकते. चौथ्या गाण्यात ते श्वास घ्यायला थांबतं. लोकांना वाटतं, वा, काय थांबलाय! फक्त एकाच माणसाला कळतं, की हा थांबा गाण्यातला नाही.

हे विश्व इथेच बंद करू.

विश्व दुसरं

कालयंत्र मिळतं. डॉक्टर मागे जातात, ठिपका भरतात, बिल घेत नाहीत. अस्वलाला कधीच ठणका लागत नाही. त्याला झोप छान लागते. ते उन्हाविषयी, मेंढ्यांविषयी गोड गाणी रचतं. डॉक्टर ती एकदा रेडिओवर ऐकतात, बरं आहे म्हणतात, विसरतात. मागच्या खोलीत धबधब्याचं कॅलेंडर. सगळ्यांचे दात उत्तम. आज दुपारी तीनला दार उघडत नाही.

विश्व तिसरं, म्हणजे फोन

"समज," डॉक्टर फोनवर दुर्बिणीला म्हणाले, "एका पेशंटचा जबडा सुजलाय, आणि त्याला संध्याकाळी एक काम आहे..."

"कसलं काम?"

"बोलण्याचं. जरा मोठ्यानं."

"गोळी दे आणि टी-शर्ट घाल. पाचला निघतोय आपण."

"गंभीर आहे रे."

"हे बघ, जगात रोज कुणाचा ना कुणाचा जबडा सुजतो. अस्वल रोज येत नाही!"

फोन ठेवला तर दारात ताई. हातात इस्त्रीचा टी-शर्ट. आता ही चार शब्द सुनावेल, म्हणजे निर्णय तिच्या डोक्यावर टाकता येईल, अशी डॉक्टरांना आशा वाटली.

पण ताईनं पोस्टरकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि तिचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला. "गाऊ दे ना रे त्याला संध्याकाळी. किती वर्षं वाट बघितलीस. उद्या सकाळी काढ दाढ. मी आठला दवाखाना उघडते."

झालं. मॅनेजर हो म्हणते, अस्वल हो म्हणतं, दुर्बीण हो म्हणतो. जिनं जन्मात कधी अस्वलाच्या आवाजाला हो म्हटलं नाही, ती ताईसुद्धा हो म्हणते. नाही म्हणणारं एकच माणूस उरलं, आणि त्यालाच जायचं होतं.

कॉम्प्रेसर धडधडत राहिला.

*

"आज गाणं नाही," डॉक्टर आत येऊन म्हणाले. "दाढ आत्ता काढायची. सूज गळ्यात उतरली तर श्वास बंद होईल."

मॅनेजरचे दोन्ही फोन खाली आले. अस्वल खुर्चीत उठून बसलं. बंद दातांमधून म्हणालं, "मी आजवर एकही कार्यक्रम रद्द केलेला नाही."

"माहितीय. पाय मोडला तेव्हा प्लास्टरसकट खुर्चीत बसून गायलात. तापात गायलात. वीज गेली तेव्हा माइकशिवाय गायलात. म्हणून तर तुम्हाला नुसती गोळी देऊन सोडत नाहीये. तुम्ही गाणारच."

अस्वलानं पहिल्यांदा डॉक्टरांकडे नीट बघितलं.

"तू चाहता आहेस?"

"हो."

"तिकीट आहे?"

"अगदी पुढचं."

"आणि तरी नाही म्हणतोस?"

"हो."

 अस्वल हळूहळू आडवं झालं. "मग खरंच वाईट दिसतंय," ते म्हणालं.

*

सुई.

थांबा.

आणखी एक सुई, कारण पू असला की भूल नीट चढत नाही.

थांबा.

पक्कड. उजवीकडे, डावीकडे. मुळं आत वाकलेली. डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम ताई पुसते. ताई आत कधी आली?

उजवीकडे, डावीकडे.

मग अस्वलाच्या पोटातून एक आवाज निघाला. डॉक्टरांच्या टकलावर काटा आला. याच आवाजानं दुसऱ्या अल्बमचं तिसरं गाणं सुरू होतं! आणि तो असा, बिनमाइकचा, हातभर अंतरावरून, फक्त त्यांच्यासाठी. हात थरथरायला हरकत नव्हती. थरथरला नाही.

कड्.

बाहेर काकूंचा आवाज: "ताई, माझी कवळी राहू द्या. मी पातळच खाईन."

*

सूज मोकळी झाली, टाके पडले, सलाइनमधून औषध गेलं. तासाभरात अस्वलाला तोंड बरंच उघडता यायला लागलं. नेमकं तेच करायला आता मनाई होती. उद्यापर्यंत एक शब्द नाही, तोंड बंद.

मॅनेजरनं फोन केले. बाकीचे चौघे म्हणाले, आम्ही वाजवतो, गाणी लोकांनाच म्हणू द्या. अस्वलानं कागद मागितला आणि त्यावर लिहिलं: मीही येणार. नुसता बसेन.

"नुसते बसणार? तुम्ही?" डॉक्टर म्हणाले.

अस्वलानं शपथेसारखा हात छातीवर ठेवला. काही माणसांना शपथ शोभत नाही.

"मग मीही येतो," डॉक्टर म्हणाले. "शेजारी बसतो."

तेवढ्यात दुर्बिणीचा फोन. "ऐकलंस का? कुठल्यातरी गाढवानं अस्वलाची दाढ उपटली! ते आज गाणार नाही! तो दंतवैद्य मला भेटू दे, त्याचे बत्तीसच्या बत्तीस..."

"हं," डॉक्टर म्हणाले.

 

"तू?"

"हं."

"माझ्याशी बोलू नकोस," दुर्बीण म्हणाला. मग जरा वेळानं, "खरंच मेलं असतं का रे ते?"

"बहुतेक."

"तरी बोलू नकोस."

*

स्टेजच्या कडेला, पडद्याच्या आडोशाला, एक खुर्ची. तिच्यात अस्वल, गालावर बर्फाची पिशवी. समोर स्टूल, त्यावर डॉक्टर. बँड डॉक्टरांच्या पाठीमागे, कारण पेशंट समोर.

अंधार झाला. ड्रम सुरू झाले ते डॉक्टरांना पाठीच्या मणक्यात कळले. गिटार आल्या. आणि जिथे अस्वलानं यायचं, तिथे अस्वलाची छाती भात्यासारखी फुगली.

"अं हं," डॉक्टर म्हणाले आणि बोट वर केलं.

छाती खाली बसली. तोवर हजारो लोकांनी गाण्याचा पहिला शब्द उचलला होता. बेसूर, उशिरा, पण सगळ्यांनी मिळून. अस्वलाचे डोळे मोठे झाले. आपली गाणी बाहेरून कशी ऐकू येतात, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नसावं. ते ऐकत राहिलं, आणि डॉक्टर त्याचे मिटलेले ओठ बघत राहिले. लाल दिवे लागले ते त्यांना अस्वलाच्या डोळ्यांत दिसले. मग निळे. ड्रम बदलले की त्याच्या भुवया हलायच्या. जीभ गालात टाक्यांकडे सरकली की डॉक्टर घाईत मराठीतच म्हणायचे, "हात नको लावूस, म्हणजे, जीभ नको लावूस." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते अस्वलाला अरेतुरे करत होते, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तिसरं गाणं सुरू झालं. लोक वेडे झाले. स्टेजवर धूर, ठिणग्या, वरून काहीतरी भलंमोठं उतरत होतं. काय, ते डॉक्टरांना कळेना. नुसती त्याची सावली अस्वलाच्या कपाळावरून सरकत होती.

पहिल्या रांगेच्या टोकाला दुर्बीण कठड्यावर चढला होता. त्याला पडद्याच्या फटीतून ओळखीचं टक्कल दिसलं. न बोलण्याचं तो साफ विसरला.

"अरे ए!" तो बोंबलला. "मागे बघ! गाढवा, मागे वळून बघ! यान उतरतंय! खरं यान!"

डॉक्टरांची मान अर्धी वळली.

अस्वलानंही भुवयांनी खूण केली: बघ, बघून घे, एक मिनिट. बर्फाची पिशवी बाजूला ठेवून त्यानं पुन्हा छातीवर हात ठेवला. भाबडा चेहरा केला. आणि त्याच क्षणी, त्या भाबड्या चेहऱ्याखाली, वरचा ओठ खालच्यापासून केसभर सुटला.

"तोंड बंद," डॉक्टर म्हणाले आणि स्टूल आणखी पुढे ओढून घेतलं.