आन्सेल्मचं नाक

"चाखा दाजी! नाहीतर ही पहार तुमच्या टाळक्यात घालीन!" प्लासिदने आन्सेल्मची कॉलर धरून त्याला पिंपावर आदळलं.

शॅम्पेन कंपनीच्या तळघरात पन्नासेक द्राक्षवाले घुसले होते. फुटलेल्या बाटल्यांची शॅम्पेन फेसाळत पायऱ्यांवरून वाहत होती आणि तिच्यात मुकादमाचं रक्त मिसळत होतं. कंपनी दक्षिणेची स्वस्त वाइन चोरून आणून भेसळ करते आणि इथली द्राक्षं मळ्यात कुजतात, हा त्यांचा संताप. तो खोटा नव्हता. कुठल्या पिंपात काय आहे ते सांगणारं नाक फ्रान्समधल्या मार्न नदीच्या त्या खोऱ्यात एकच होतं, आणि ते प्लासिदच्या बहिणीच्या नवऱ्याचं होतं.

एकतीस वर्षं कंपनीचा चाखणारा म्हणून आन्सेल्म रोज सकाळी पेला उजेडात धरी, हुंगे, घोट तोंडात घोळवी आणि थुंकून टाकी. लाल असो, पांढरी असो की फेसाळ, कुठल्या उतारावरच्या मळ्याची ते तो सांगे. या नाकापायी त्याने तंबाखूला हात लावला नाही आणि घरात कांदा येऊ दिला नाही. त्याची बायको लेओनी कांद्याचं सूप खावंसं वाटलं की सरळ माहेर गाठी.

त्याने पहिल्या पिंपातला घोट घेतला. "दक्षिणेची," तो खाली बघत म्हणाला. तीन वर्षं हे ठाऊक असून तो भाकरीसाठी गप्प बसला होता, त्याची त्याला आता लाज वाटली. पिंप फुटलं. दुसरंही तसंच फुटलं.

तिसरा पेला नाकाशी नेला आणि तो थबकला. ओल्या खडूचा वास, मग नाशपाती. जिभेवर शेवटी बदामाचा किंचित कडसरपणा. तो थुंकला नाही, त्याने घोट गिळला.

"प्लासिद, ही तुझ्या बापाची. चॅपेलच्या वरचा उतार, १९०६. म्हाताऱ्याच्या हातची शेवटची तोडणी."

"मालकाचा कुत्रा! पिंपं वाचवतोय!" मागून कोणीतरी ओरडलं.

"तूच पिऊन बघ ना," आन्सेल्म म्हणाला.

प्लासिदने जन्मभर द्राक्षं विकली होती, पण त्यांची वाइन कधी त्याच्या तोंडी पडली नव्हती. त्याने पेला घटाघटा रिकामा केला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. त्याला काही म्हणता काही कळलं नाही, आणि त्याचंच त्याला रडू फुटायची वेळ आली.

"आंबट पाणी आहे नुसतं!"

आन्सेल्म हात पसरून पिंपाला पाठ लावून उभा राहिला. "ती दोन फोडलीस, बरं केलंस. ही नाही फोडू देणार."

"बाजूला व्हा, दाजी!"

तो हलला नाही. पहारीचा पहिला घाव त्याच्या तोंडावर बसला, दुसरा पिंपावर. तो फरशीवर पडला. सासऱ्याची वाइन गालाला लागून मोरीकडे वाहत होती आणि त्याला कसलाच वास येत नव्हता.

पुढे दोन महिने प्लासिद फिरकला नाही. मग एका रविवारी टोपी हातात घेऊन तो बहिणीच्या दारात आला आणि उंबऱ्यावरच थांबला. घरभर कांदा करपल्याचा उग्र वास भरला होता. लेओनी विहिरीवर गेली होती. चुलीकडे पाठ करून, हाताच्या अंतरावर, आन्सेल्म शांतपणे पाव कापत बसला होता. त्याचं नाक वाकडं जुळलं होतं.

"ये ना, दारात काय उभा राहिलास?" तो म्हणाला. "आज लेओनी सूप करतेय. आता आपल्याकडे चालतं."

प्लासिदने पुढे होऊन तापलेली कढई उघड्या हातांनीच खाली उतरवली.

"काय झालं रे?"

"काही नाही, दाजी," प्लासिद म्हणाला.

आन्सेल्मने त्याच्यासाठी पावाचा तुकडा कापला.